गजभिये काकांचे उजवीकडचे वरचे दात

मी हॉस्टेलवर राहायला गेले त्या दिवशी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातली आमच्या ओळखीची झाडून सगळी माणसं आमच्या ड्राइव्हवेवर जमली होती. कुणी चादरी आणल्या होत्या, कुणी छोटा राइस कुकर. गजभिये काकूंनी चिवड्याचा एवढा मोठा डबा दिला की तो मांडीवर घेतल्यावर मला समोरचं काही दिसेना. गजभिये काका गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाले, "डॉक्टर होऊनच ये बेटा." आईनं रडून घेतलं, सगळ्यांनी हात हलवले आणि आमची गाडी हायवेला लागली. दोन एक्झिट पुढे जाऊन बाबांनी ती एका फर्निचरच्या दुकानासमोर थांबवली. दुकानात आम्ही घ्यायचे नसलेले सोफे बसून पाहिले, गाडीत येऊन चिवडा खाल्ला आणि अंधार पडल्यावर घरी परतलो. बाबांनी रिमोटनं गॅरेजचं दार उघडलं, गाडी आत घेतली आणि दार पुरतं खाली येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही असा हुकूम सोडला. आम्ही तिघं अंधारात, मांडीवर डबा घेऊन, गुपचूप बसून राहिलो. माझं हॉस्टेल म्हणजे आमचंच तळघर होतं.

बाबा सपशेल खोटं असं कधी बोललेच नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दर रविवारी लायब्ररीचा हॉल घेऊन आम्ही मंडळी बुद्धवंदना करायचो आणि मग घरून आणलेलं एकत्र जेवायचो. तिथं एकदा गजभिये काकांनी बाबांना विचारलं, "प्रज्ञाचं काय झालं रे मिल्या?" बाबा म्हणाले, "मेडिकल साइडला चालली आहे." ते खरंच होतं. मला डेंटल हायजीनला प्रवेश मिळाला होता, म्हणजे दात साफ करायचं रीतसर शिक्षण. ते आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या कॉलेजात होतं, जिथं निवृत्त आजोबा चित्रकला शिकायला येतात आणि रात्रपाळीचे नर्सिंगवाले पार्किंगमध्ये झोपतात. काकांनी पुढे विचारलं, "मोठ्या युनिव्हर्सिटीत ना?" तेव्हा बाबांच्या तोंडात बटाटेवडा होता आणि त्यांनी मान हलवली. ती मान वड्यासाठी होती, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. काकांनी तिथल्या तिथं माइक हातात घेऊन जाहीर करून टाकलं, टाळ्या पडल्या आणि वडा गिळून होईपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेली.

बाबा तसे भित्रे नव्हते. नागपुरात त्यांच्या वस्तीतून इंजिनियर झालेला पहिला मुलगा तेच. आमच्या घरात देवघर नव्हतं. ती जागा पुस्तकांच्या कपाटाची होती आणि त्यावरची धूळ बाबा स्वतः पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मोठ्या युनिव्हर्सिटीनं मला नाही म्हटलं त्या दिवशी त्यांनी फक्त कपाट दोनदा पुसलं. मला त्या वयात त्याचा राग आला होता. आज, आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून निवृत्त झाल्यावर, मला त्यांची नुसती दया येते आणि थोडं हसूही येतं. एवढा शिकलेला माणूस आणि गॅरेजचं दार बंद होईपर्यंत श्वास रोखून बसायचा.

घरी राहून परगावी असणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. सकाळी बाबांच्या गाडीतून कॉलेजला जाताना आमची गल्ली संपेपर्यंत मी सीट मागे पाडून आडवी असायची. इंडियन ग्रोसरीत जायची मला बंदी होती. पाहुणे आले की मी तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, घडीच्या खुर्चीवर. हिवाळ्यात तो फर्नेस दर थोड्या वेळानं हुंकार देऊन पेटायचा आणि त्याच्या पत्र्याच्या नळीतून वरच्या गप्पा मला स्वच्छ ऐकू यायच्या. माझं तिथं फार कौतुक चालायचं. मी किती अभ्यास करते, मला जेवायलाही वेळ कसा मिळत नाही, हे सगळं मी भरीत-भाकरी खात ऐकायची. ते ताट आई "तांदूळ काढून आणते" म्हणून खाली घेऊन यायची. आमच्या घरी पाहुण्यांसमोर इतक्या वेळा तांदूळ काढला जायचा की एकदा काकूंनी विचारलंच, "वहिनी, तुम्ही भात तर करत नाही फारसा?" सावजी रस्सा असला की मात्र पंचाईत व्हायची. तो तिखट लागून मला शिंक यायची आणि मग वर बाबा मोठमोठ्यानं खोकायचे. काकू माझ्यासाठी म्हणून तिळाचे लाडू देऊन जायच्या, "हॉस्टेलवर पोचवा" म्हणायच्या. आई डबा घेऊन तेरा पायऱ्या उतरायची आणि पोचवायची.

कॉलेजात मात्र मी खूश होते, आणि हीच गोष्ट बाबांना सांगता येत नव्हती. मिसेस कोवाल्स्की आम्हाला शिकवायच्या. हातोडीसारखा आवाज आणि लोण्यासारखा हात. त्यांनी स्केलर, म्हणजे कीटण खरवडायचा आकडा, कसा धरायचा ते दाखवलं आणि प्लास्टिकच्या जबड्यावरून तो पहिल्यांदा नीट फिरला, तेव्हा मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की हे मला येतं. गणित यायचं नाही, केमिस्ट्री रडवायची, पण दाताच्या मागच्या बाजूला न दिसणारं कीटण माझ्या बोटांना कळायचं. या शिक्षणाची एक अजब रीत आहे. रुग्ण कॉलेज देत नाही, विद्यार्थ्यानं स्वतः पकडून आणायचा. आणि कसलाही रुग्ण चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरला एक तरी असा लागतो ज्याच्या दातांवर कीटणाचे जाड थर आहेत, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले. त्याचं अख्खं तोंड साफ करून मिसेस कोवाल्स्कींकडून पास करून घ्यायचं, नाहीतर वर्ष गेलं.

त्यामुळे आम्ही सगळ्या मुली घाणेरड्या दातांच्या शोधात रानोमाळ हिंडायचो. माझी मैत्रीण ब्रियाना हिचा एक मामा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याचे दात पाहून तिच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं होतं. मी आधी आईचे दात घेतले, मग बाबांचे. दोघांचे मी इतक्यांदा खरवडले की त्यांच्या तोंडात शोधूनही काही सापडेना. बाबा वैतागून म्हणायचे, "दात कोरून पोट भरत नसतं, ऐकलं नाही का कधी?" मी दुकानात, पोस्टात, बर्फ काढणाऱ्या माणसाकडे बघून हसायची, तो हसला की त्याचे दात बघायची आणि निराश व्हायची. या देशात सगळ्यांचे दात चांगले. सेमिस्टर संपत आलं, ब्रियानाचा मामा पास झाला आणि माझ्याकडे कुणी नाही.

अशात एका संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर, म्हणजे त्या काळी फोनवर जे गटागटानं बोलायचे त्यावर, आमच्या रविवारच्या मंडळाचा व्हिडिओ आला. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी यावं म्हणून गजभिये काका आवाहन करत होते. कॅमेरा त्यांनी फारच जवळ धरला होता. शेवटी ते दिलखुलास हसले आणि मी ताडकन उठून बसले. व्हिडिओ थांबवला, मोठा केला. खालच्या पुढच्या दातांच्या मागे मजबूत भिंतच बांधलेली होती, आणि वर तपकिरी-काळा रंग. खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला अस्सल नागपुरी खर्रा. काकू समजत होत्या की अमेरिकेत पाऊल ठेवल्या दिवशीच काकांनी तो सोडला. बाबांना ठाऊक होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून तो येतच असतो. शिवाय काका डेंटिस्टला यमासारखे घाबरत. एवढी वर्षं एकाही दंतवैद्यानं त्यांच्या तोंडाला हात लावला नव्हता. ते दात पाहून माझं जे झालं त्याला प्रेमच म्हणावं लागेल.

"अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरे दात नाहीत?" बाबा ओरडले.

"नाहीत बाबा. आणि हे मिळाले नाहीत तर माझं वर्ष जाईल. मग आणखी एक वर्ष तळघर."

हे आणखी एक वर्ष ऐकून आईनं हातातली पळी खाली ठेवली. "आता पुरे," ती म्हणाली. "सांगून टाका त्यांना. हसतील त्यांचे दात दिसतील."

"तेच तर बघायचे आहेत," मी म्हणाले. कुणीच हसलं नाही. बाबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी एक योजना मांडली. एका इंजिनियरनं मांडलेली इतकी मूर्ख योजना मी नंतर पाहिली नाही. काकांना सांगायचं की जवळच्या कॉलेजात दात फुकट साफ करून मिळतात. ते आले की मी टोपी, मास्क आणि चेहऱ्यावरची प्लास्टिकची ढाल लावून त्यांचं तोंड साफ करायचं, नावाच्या बिल्ल्यावर चिकटपट्टी लावायची आणि अमेरिकन पोरींसारखं इंग्रजी बोलायचं. माझे फक्त डोळे दिसणार. "आणि अशोक घाबरलेला असतो तेव्हा डोळे मिटूनच बसतो," बाबा म्हणाले. आईनं कपाळाला हात लावला. मी मात्र कबूल झाले, कारण मला ते दात हवे होते.

काका आले ते बाबांचा हात धरून. खुर्चीत बसवल्यावर गळ्यात साखळीनं कागदी रुमाल अडकवला तेव्हा ते म्हणाले, "मिल्या, तू जाऊ नको बे कुठं." बाबा शेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी दातांच्या मासिकामागे तोंड लपवलं. मी नियमाप्रमाणे इंग्रजीत विचारलं, तंबाखू घेता का. काका म्हणाले, "नो मॅडम. नेव्हर." आणि लगेच बाबांना मराठीत, "यांना काहून सांगायचं?" मी काय लिहिणार? "नेव्हर" लिहिलं. मिसेस कोवाल्स्कींनी सही करताना काकांच्या दातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भुवई वर केली.

मग मी उजवीकडचा वरचा भाग हाती घेतला. तोंडाचे चार भाग करतात, एकेक करून साफ करायचे. काय सांगू, तशी सकाळ पुन्हा आली नाही. कीटणाचे तुकडे पोपड्यांसारखे सुटत होते आणि खालून पिवळसर, धट्टाकट्टा दात निघत होते. चूळ भरायला सोडलं की काका बोलून घेत. "पोरगी आपल्याकडची वाटून राहिली रे डोळ्यांवरून. हात हलका आहे हो. पण बघ ना, दुसऱ्यांचे दात घासते बिचारी. आपली प्रज्ञा तिकडे डॉक्टर होऊन राहिली. नशीब लागते." बाबांनी मासिक आणखी वर धरलं. मी ढालीआड दात आवळून होते.

भाग संपला तशा मिसेस कोवाल्स्की तपासायला आल्या. त्यांनी आरशानं एकेक दात पाहिला आणि म्हणाल्या, "सुंदर काम आहे." मग डाव्या बाजूचा काळा रंग पाहून म्हणाल्या, "पण तंबाखू कधीच नाही? पुन्हा विचार. माहिती खोटी असेल तर हा रुग्ण मी धरणार नाही." मी पुन्हा विचारलं. "नेव्हर." तिसऱ्यांदा विचारलं, हळूच, काकुळतीनं. "मॅडम, आय ॲम सोशल वर्कर," काका म्हणाले. मिसेस कोवाल्स्कींनी पेनाचं टोपण लावलं. माझं अख्खं वर्ष त्या टोपणाबरोबर बंद होताना मला दिसलं आणि माझा तोल सुटला.

"काका, खोटं नका ना बोलू! खर्रा खाता तुम्ही! आम्हाला माहीत आहे!"

काकांनी डोळे उघडले. माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग बाबांच्या मासिकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "प्रज्ञा?" ते म्हणाले. "तू इथं काय करून राहिली?" बाबांनी मासिक खाली केलं नाही. काकांनीच ते हातानं खाली केलं. "मिल्या, ही हॉस्टेलवर होती ना? मी स्वतः टाटा केला होता तिला!" काका उठले. "वसतिगृहात एका ताटात जेवलो बे आपण. मला सांगायला काय झालं होतं तुला?" आणि ते चालू लागले, गळ्यात रुमाल तसाच, तोंडाचा एक भाग चकचकीत आणि तीन भाग जसेच्या तसे. मिसेस कोवाल्स्की मागून ओरडल्या की साखळी कॉलेजची आहे.

जयंतीपर्यंतचे दिवस वाईट गेले. काकांनी फोन घेतला नाही. गंमत म्हणजे त्यांना कुणाला काही सांगताही येत नव्हतं, कारण सांगायचं तर खर्रा सांगावा लागला असता. आईकडून कळलं की ते घरी हसताना तोंडावर हात ठेवतात आणि काकूंना वाटतंय की त्यांना कसला तरी मानसिक त्रास होतो आहे. बाबा कामावरून येऊन तळघरात माझ्या घडीच्या खुर्चीवर बसून राहायचे. एकदा मी शेजारी बसले तर म्हणाले, "अशोकशी मी कधी खोटं बोललो नव्हतो." मी म्हणाले, "आणि माझं वर्ष?" ते म्हणाले, "तेही." फर्नेस हुंकार देऊन पेटला.

जयंतीच्या सकाळी आईनं माझ्यासमोर पांढरा ड्रेस टाकला. "घाल. आज तू पुढच्या सीटवर बसणार." बाबांनी गाडी काढली. कार्यक्रम ज्या शाळेत होता तिच्या पार्किंगच्या कडेला अजून बर्फाचे काळे ढीग होते. हॉलमध्ये शिरल्याबरोबर लोकांनी मला घेरलं, सुट्टी मिळाली का, किती बारीक झालीस, जेवण मिळत नाही वाटतं. काका अध्यक्ष म्हणून स्टेजवर होते, तोंडावर रुमाल धरून. वंदना झाली, भाषणं झाली आणि काकू गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करायला उभ्या राहिल्या. माझं नाव पुकारलं. मी उठणार तोच बाबा उठले आणि माइकपाशी गेले.

"एक दुरुस्ती आहे," बाबा म्हणाले. "प्रज्ञा हॉस्टेलवर गेलीच नाही. ती दोन वर्षं आमच्या तळघरात आहे."

हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. मागच्या रांगेतल्या एका मुलानं पोलिसांना बोलवायला फोन काढून "शुड आय कॉल नाइन-वन-वन?" असं आपल्या आईला विचारलं. "तसं नाही, तसं नाही," बाबा घाईघाईनं म्हणाले, "कोंडली नव्हती, लपवली होती." त्यानं काही फार सुधारलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला. "ती इथल्याच कॉलेजात जाते. आपल्या घराजवळच्या. दात साफ करायला शिकते. चांगलं शिकते. मला लोकांना सांगायची लाज वाटली. तिनं काही चूक केली नाही, मी केली." एवढं बोलून ते तिथंच उभे राहिले, खाली जायचं त्यांना सुचेना. मला धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

तेव्हा स्टेजवर गजभिये काका उभे राहिले. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. "मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मी खर्रा खातो." काकूंच्या हातातला हार खाली पडला. "घरी गेल्यावर बोलू," काका त्यांना म्हणाले, आणि स्टेजच्या उजेडात तोंड उघडून बोटानं दाखवू लागले. "दुसरी. इथं बघा. हे उजवीकडचे वरचे या पोरीनं केलेले. आणि हे बाकीचे माझे." पुढच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. कुणीतरी फोनचा टॉर्च लावला. एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, केवढा फरक!" काका तोंड मिटून बाबांकडे वळले. "मिल्या, तुझ्यावर मी रागावलेलाच आहे. सोमवारी किती वाजता यायचं ते सांग."

सोमवारी ते आले आणि त्यांनी मिसेस कोवाल्स्कींना खर्र्याची सगळी कहाणी सांगितली, पन्नी कशी घोटायची ते हातांनी दाखवत. त्या लिहून लिहून दमल्या. उरलेले तीन भाग करायला मला अनेक खेपा लागल्या. शेवटच्या दिवशी आरसा हातात दिला तेव्हा काका बराच वेळ स्वतःकडे हसून बघत राहिले. मग शेजारच्या खुर्चीतल्या गोऱ्या आजीबाईंकडे वळून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "व्हेरी गुड डॉक्टर. ब्रिलियंट डॉक्टर."

स्टुलावरून बाबा उठले. "नो," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं की सगळ्या खुर्च्यांवरची उघडी तोंडं आमच्याकडे वळली. "शी इज अ डेंटल हायजिनिस्ट. शी स्टडीज हिअर. माय डॉटर."

"अजून नाही," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या, "आधी मला तपासू दे." माझ्या हातांत ग्लोव्हज होते, डोळे पुसायची सोय नव्हती आणि ढाल आतून धुरकट झाली होती. काकांनी ते पाहिलं, माझी ढाल वर केली आणि स्वतःच्या गळ्यातला, चुळीनं भिजलेला कागदी रुमाल ओढून माझे डोळे पुसले. मिसेस कोवाल्स्की किंचाळल्या आणि त्यांनी मला पास करण्याआधी तोंड धुऊन सगळं नवं घालून यायला लावलं.